दोन इंच कमी पडतात तेव्हा

एप्रिल संपता संपता एका शुक्रवारी मी पहाटे पाचलाच उठतो. घरच्यांना आता सवय झाली आहे. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारची रात्र असते, आणि एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट सुरू होतो. मी बडोद्यात गच्चीवर चहाचा कप घेऊन बसलेला, मामेभाऊ तिकडे शार्लटला जेवण आटोपून सोफ्यावर, आणि मध्ये फोन. शिकायला म्हणून दोन वर्षं तिकडे राहिलो तेव्हा हे वेड लागलं. परत आलो तरी ते काही सुटलं नाही.

त्या वेडाची एक वही आहे. २०१३ पासून दर ड्राफ्टच्या आधी मी त्यात एकाच प्रकारच्या खेळाडूंबद्दल माझं मत लिहून ठेवतो आणि तीन-चार वर्षांनी पान उलटून बघतो, की आपण किती पाण्यात होतो. हे खेळाडू म्हणजे ‘पास रशर’, आणि त्यातही उंचीला कमी पडणारे. वहीतल्या दोन नोंदी मला अजून बोचतात. त्या दोन चुकांबद्दलच आज सांगायचं आहे.

आधी खेळ थोडक्यात

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्न ‘स्नॅप’ने सुरू होतो. मधला खेळाडू चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, तो दोन-चार पावलं मागे सरकतो, कोण मोकळा आहे ते बघतो आणि फेकतो. या सगळ्याला साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. तेवढा वेळ त्याला मिळावा म्हणून पुढे पाच दांडगे रक्षक भिंतीसारखे उभे असतात. भिंतीच्या दोन टोकांना असतात ते ‘टॅकल’. साडेसहा फुटांच्या जवळपास उंची, १४० किलोच्या आसपास वजन.

या टोकाच्या रक्षकाला चुकवून क्वार्टरबॅकपर्यंत पोचणारा तो पास रशर. चेंडू सुटण्याआधीच त्याने क्वार्टरबॅकला रेषेमागे लोळवलं, तर तो ‘सॅक’. १९८२ पासून सॅकची अधिकृत मोजदाद होते. सामन्याचा नूर पालटणारी ही गोष्ट, त्यामुळे असा माणूस हाताशी असावा म्हणून प्रत्येक संघ जीव टाकतो.

पुस्तकातला आदर्श पास रशर सहा फूट चार-पाच इंच उंच, १२० किलोचा आणि लांब हातांचा. आता विचार करा, कॉलेजात धुमाकूळ घालणारा एखादा मुलगा सहा फूट एक इंचाचाच निघाला तर? आपल्या घरात अशा मुलाला दारातून वाकून यायला सांगतील. तिथे त्याच्या नावापुढे ‘आकाराने कमी’ असा शेरा पडतो.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम

ड्राफ्टच्या दोनेक महिने आधी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ नावाचा प्रकार असतो. कॉलेजातले तीनशेच्या वर निवडक खेळाडू बोलावतात. उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी मोजतात. चाळीस यार्ड पळवतात, १०२ किलोची पट्टी उताण्याने किती वेळा उचलता येते ते बघतात, उभी उडी, लांब उडी, शंकूंना वळसे घालून धावणं. वर संघांचे लोक बसवून मुलाखती घेतात. आईने एकदा माझ्या खांद्यावरून हे पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हा तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम!”

खरंच आहे. आणि कांदेपोह्यांसारखीच इथेही फसगत होते.

२००८ साली ओहायो स्टेटचा व्हर्नन गोल्स्टन कम्बाइनला आला. सहा फूट तीन इंच, १२० किलो, शिल्पात कोरल्यासारखं शरीर. ती पट्टी त्याने ३७ वेळा उचलली. न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. जेट्सकडे तो तीन हंगाम खेळला आणि त्याच्या नावावर सॅक लागले शून्य. एकही नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. लुईव्हिल विद्यापीठाच्या एल्व्हिस ड्युमरव्हिलने २००५ च्या हंगामात २० सॅक केले होते आणि देशातल्या सर्वोत्तम बचावपटूचा नागुर्स्की पुरस्कार मिळवला होता. पण उंची पाच फूट अकरा इंच. ड्राफ्टमध्ये एकेक नाव पुकारलं जात होतं, याचं काही येईना. शेवटी चौथ्या फेरीत, १२६ व्या क्रमांकावर डेन्व्हरने त्याला घेतलं. २००९ मध्ये त्याने १७ सॅक केले, त्या वर्षी साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. निवृत्त झाला तेव्हा एकूण आकडा होता १०५.५. (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा, म्हणून हा अपूर्णांक.)

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कुणालाही वाटेल, मोजपट्टी फेकून द्या. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिली चूक : २०१३

वहीच्या पहिल्याच पानावर जार्व्हिस जोन्सचं नाव आहे. जॉर्जिया विद्यापीठाचा खेळाडू. २०१२ च्या हंगामात १४.५ सॅक, कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात सर्वात जास्त. उंची सहा फूट दोन इंच, वजन १११ किलोच्या आसपास. कम्बाइनला तो धावला नाही आणि नंतर आपल्या विद्यापीठात धावला तेव्हा चाळीस यार्डांना ४.९२ सेकंद लागले. या जागेसाठी हे बरंच संथ.

मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं : “लोक पुन्हा तीच चूक करतायत. हा दुसरा ड्युमरव्हिल.”

पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला सतराव्या क्रमांकावर घेतलं. चार हंगामांत त्याचे एकूण सॅक झाले सहा.

मी कुठे चुकलो? ड्युमरव्हिल बुटका असून यशस्वी झाला हे मला दिसलं होतं. तो का यशस्वी झाला, हे मी बघितलंच नव्हतं. त्याची उंची कमी होती, पण उंचीच्या मानाने हात चांगले लांब होते. त्याचं पहिलं पाऊल झपकन पडायचं, आणि खालून घुसून समोरच्याला मागे ढकलण्याची ताकद त्याच्या मांड्यांत होती. म्हणजे दोन इंच कमी होते, पण त्याची भरपाई तीन ठिकाणांहून होत होती. जोन्सची भरपाई कुठून होणार आहे, हा प्रश्न मी विचारलाच नाही. कॉलेजात चलाखीने आणि चिकाटीने मिळालेले सॅक मी मोजले. समोर व्यावसायिक टॅकल आल्यावर ती चलाखी चालवायला लागणारा वेग आहे का, हे पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. कमी उंचीचे जे मोठे झाले त्यांच्या गोष्टी आपण पुन्हा पुन्हा सांगतो. जे बुटके होते आणि चाललेही नाहीत, त्यांची नावंच कुणाला आठवत नाहीत. मग आपल्याला वाटू लागतं की बुटकेपण हाच गुण आहे. तसं नाही. ती उणीवच असते, कधीकधी भरून निघते इतकंच.

कमी उंचीचा फायदा कुठे, तोटा कुठे

ज्यांनी कबड्डी खेळली आहे त्यांना हे पटकन कळेल. कोपऱ्यात उभा असलेला बुटका गडी चढाईवाल्याच्या घोट्याशी जातो. उंच माणसाला तेवढं खाली जाताना वेळ लागतो. कुस्तीत पट काढणाराही आधी खाली जातो. अमेरिकन फुटबॉलमध्ये हेच चालतं : ज्याचे खांदे खाली, त्याची सरशी. टॅकलला समोरच्याच्या छातीवर दोन्ही हात मारायचे असतात. छातीच खाली असेल तर साडेसहा फुटांचा माणूस गुडघ्यांऐवजी कमरेत वाकतो, आणि कमरेत वाकला की त्याचा तोल गेला.

दुसरा फायदा वळणावर. पास रशर सरळ धावत नाही, टॅकलच्या बाहेरून कमान घेत क्वार्टरबॅककडे वळतो. वळणावर मोटारसायकलवाला जसा आत झुकतो तसं याला पूर्ण वेगात, खांदा जमिनीकडे टाकून धावायचं असतं, आणि त्याच वेळी १४० किलोचा माणूस त्याला बाहेर ढकलत असतो. बुटक्या शरीराचा गुरुत्वमध्य खाली असतो, त्यामुळे हे जमण्याची शक्यता वाढते. पण त्यासाठी घोटे आणि कंबर लवचीक लागतात. बुटका आणि ताठ असेल तर काही उपयोग नाही.

तोटाही तितकाच खरा. टॅकलचे हात लांब. ते आधी छातीवर बसले तर आखूड हातांचा माणूस तिथेच अडकतो. म्हणून लहान चणीच्या खेळाडूचे हात कसे चालतात हे बारकाईने बघावं लागतं. समोरचा हात येतानाच तो झटकतो का? एक डाव फसला तर दुसरा तयार असतो का? ड्वाइट फ्रीनीचा गिरकीचा डाव याचं उत्तम उदाहरण. तो बाहेरून असा सुसाट यायचा की त्याला गाठायला टॅकल सगळा भार बाहेरच्या पायावर टाकायचा. त्या क्षणी फ्रीनी गर्रकन आतल्या बाजूला फिरून निघून जायचा. बाहेरच्या वेगाचा धाक नसता तर ती गिरकी कुणी मोजली नसती.

सहा फूट एक इंचाच्या फ्रीनीला २००२ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने अकराव्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. पहिल्याच हंगामात त्याने १३ सॅक केले. कारकिर्दीत १२५.५. २०२४ मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

हिशेबाची दुसरी बाजू

पण कोल्ट्सची गोष्ट इथे संपत नाही, आणि लहान चणीच्या खेळाडूंच्या चाहत्यांनी ती पूर्ण ऐकायला हवी. त्यांनी २००३ मध्ये पाचव्या फेरीत रॉबर्ट मॅथिस नावाचा आणखी एक हलका गडी घेतला. एका टोकाला फ्रीनी, दुसऱ्या टोकाला मॅथिस. मॅथिसने पुढे कारकिर्दीत १२३ सॅक केले. फेकीच्या वेळी ही जोडी म्हणजे प्रतिस्पर्ध्याला कापरं भरवणारी.

मात्र प्रतिस्पर्धी दर वेळी फेकतोच असं नाही. तो चेंडू पोटाशी धरून सरळ धावतही येतो, आणि तेव्हा हलक्या माणसाला रेटून बाजूला करणं सोपं असतं. २००६ च्या हंगामात धावत्या खेळाविरुद्ध कोल्ट्स अख्ख्या लीगमध्ये शेवटचे होते, सामन्यामागे १७३ यार्ड देत होते. डिसेंबरात जॅक्सनव्हिलने तर एकाच सामन्यात त्यांच्याविरुद्ध ३७५ यार्ड धावून काढले. गंमत अशी की त्याच कोल्ट्सने बाद फेरीत बचाव घट्ट केला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये शिकागोला २९-१७ हरवून सुपर बोल जिंकला. पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक असल्याने त्यांची बऱ्याचदा आघाडी असायची. मागे पडलेल्या संघाला फेकावंच लागतं, आणि फेकायला लागला की फ्रीनी-मॅथिस आहेतच.

यातून मी वहीत एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली : खेळाडू चांगला की वाईट हा अर्धा प्रश्न आहे, तो कुठे खेळणार हा उरलेला अर्धा.

दुसरी चूक : २०१७

हे समजलं असूनही २०१७ मध्ये मी उलट्या दिशेने आपटलो.

टेम्पल विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय, आपणहून संघात शिरलेला हासन रेडिक. सहा फूट एक इंच, सुमारे १०८ किलो. जोन्सचा चटका ताजा होता. मी लिहिलं : “टोकाला उभा राहायला फारच लहान. मधला लाइनबॅकर म्हणून ठीक.” ॲरिझोना कार्डिनल्सने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं आणि त्यांचंही मत माझ्यासारखंच असावं, कारण त्यांनी त्याला मुख्यतः मधे खेळवलं. पहिल्या तीन हंगामांत मिळून त्याचे सॅक झाले ७.५. चार वर्षांनंतर त्याला आणखी एक वर्ष ठेवण्याचा हक्क संघाकडे होता, तो त्यांनी वापरला नाही.

चौथ्या वर्षी, २०२० मध्ये, तो पुन्हा टोकाला आला. त्या हंगामात १२.५ सॅक. त्यातले पाच एकट्या न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या एका सामन्यात. पुढच्या वर्षी कॅरोलिनाकडून ११ आणि २०२२ मध्ये फिलाडेल्फियाकडून १६.

खेळाडू तोच होता, उंची तीच, हातही तेच. तीन वर्षं त्याला जे येतं ते करायलाच कुणी सांगितलं नव्हतं. जोन्सच्या वेळी मी मोजपट्टीकडे दुर्लक्ष केलं, रेडिकच्या वेळी फक्त मोजपट्टी पाहिली. दोन्ही वेळा न पाहिलेली गोष्ट एकच : हा माणूस पहिल्या दोन सेकंदांत नेमकं काय करतो?

आता मी काय बघतो

आता कुणा लहान चणीच्या पास रशरचं नाव निघालं की मी आधी त्याच्या सॅकची संख्या झाकून ठेवतो आणि पाच गोष्टी बघतो.

एक, स्नॅपनंतरचं पहिलं पाऊल. चाळीस यार्डांपेक्षा त्यातल्या पहिल्या दहा यार्डांची वेळ जास्त बोलकी, कारण क्वार्टरबॅक तेवढ्याच टप्प्यात असतो.

दोन, हाताची लांबी. उंचीपेक्षा ती महत्त्वाची. टॅकलशी गाठ हाताची पडते, डोक्याची नाही.

तीन, वळणावर झुकताना वेग टिकतो का.

चार, सॅक कुणाविरुद्ध आले. समोर चांगला टॅकल होता, की कुणी अडवलंच नाही, की क्वार्टरबॅकच चेंडू कवटाळून बसला होता?

आणि पाच, त्याच्या अंगावर कुणी धावत आलं तर तो निदान जागा तरी धरतो का. नाही धरली तर तो फेकीच्या प्रयत्नांपुरताच मैदानात येणार, आणि अर्धवेळ माणसासाठी पहिल्या फेरीची किंमत द्यायची का, हे संघाने ठरवायचं.

या पाचांतूनही सगळं सापडत नाही. जॉन रँडलला १९९० मध्ये सगळ्या फेऱ्या संपल्या तरी कुणी घेतलं नव्हतं. मिनेसोटाने वजन वाढवून ये म्हटल्यावर त्याने कपड्यांखाली साखळी गुंडाळून काट्यावर पाय ठेवला, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचे सॅक झाले १३७.५ आणि २०१० मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. जेम्स हॅरिसन सहा फुटांचा, त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, संघांनी त्याला पुन्हा पुन्हा काढून टाकलं. तो २००८ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये चेंडू मधल्यामध्ये पकडून १०० यार्ड धावला. असा हट्ट कुठल्या काट्यावर मोजणार?

गच्चीवरून मैदानात

आता थोडं घरचं. आमच्या मंडळाच्या किशोर गटाच्या कबड्डी संघाची निवड गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी एक किरकोळ अंगाचा मुलगा आला होता. मी रांगेत उभी असलेली मुलं बघितली, त्याला म्हटलं, “पुढच्या वर्षी ये, थोडा वाढ.” तो काही न बोलता चपला घालून गेला. दहा सेकंदांत मी त्याचा निकाल लावला होता. बारा वर्षं वही लिहिणाऱ्या माणसाने.

यंदा तो परत आला. वाढला नव्हता फारसा. या वेळी मी त्याला अर्धा तास कोपऱ्यात खेळवला. खाली जातो छान, घोटा नेमका दिसतो त्याला, पण हात एक क्षण उशिरा घालतो आणि पकड झाली की मदतीची वाट बघत थांबतो. तेवढ्यात चढाईवाला सुटतो. मी त्याला संघात घेतलं नाही.

गोष्ट म्हणून तो संघात आला असता तर बरं वाटलं असतं, पण तसं केलं असतं तर ती माझी २०१३ ची चूक पुन्हा झाली असती. फरक इतकाच, की या वेळी मी त्याला जवळ बसवून सांगितलं : उंचीमुळे नाही, हात उशिरा जातो म्हणून. उंचीवर त्याला काही करता येणार नव्हतं. हातावर येतं.

सध्या तो रोज सकाळी सहाला मैदानावर येतो. मी त्याला मागून पळत येतो आणि तो माझा घोटा धरतो. परवा पहिल्यांदा मी पडलो.